गाडीतलं पिठलं

एकनाथराव कासेगावकरांनी गाडी कडुलिंबाखाली उभी केली, हँडब्रेक ओढला आणि बायकोला हुकूम सोडला, "उतर. ती घडीची खुर्ची घे, सावलीत टाक आणि बस."

"बसून काय करू?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"काही करायचं नाही. तेच तर काम आहे तुझं."

"कांदा तरी चिरून देते."

"प्रेमला!"

प्रेमलाबाई उतरल्या. खुर्ची टाकून बसल्या. दोन मिनिटांनी उठल्या, खुर्चीखालचा पालापाचोळा पायाने बाजूला केला आणि पुन्हा बसल्या. स्वस्थ बसायची सवय नसलेलं माणूस बसलं, की असंच बसतं.

अक्कलकोट केव्हाच मागे पडलं होतं. रस्ता कर्नाटकाच्या अंगाला वळला होता, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि मैलाच्या दगडांवर मराठीच्या शेजारी कानडी अक्षरं दिसायला लागली होती. एकनाथरावांनी मुद्दाम आडरस्ता धरला होता. कारण त्यांना आज बायकोला पिठलं करून घालायचं होतं, आणि त्यात कुणाचा व्यत्यय नको होता.

आता पिठल्यासाठी सोलापूरची शुक्रवार पेठ सोडून एवढ्या लांब कशाला यायचं, असं कुणीही विचारेल. पेठेतल्या सगळ्या गल्लीने तेच विचारलं होतं. पण त्याचं मूळ प्रेमलाबाईंच्या निरोप समारंभात होतं. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा कुणीतरी माइक पुढे करून विचारलं, "बाई, आता काय इच्छा आहे?" लोकांना वाटलं, काशी म्हणतील, रामेश्वर म्हणतील. बाई म्हणाल्या, "एकदा बसून जेवायचंय. गरम. दुसऱ्या कुणीतरी केलेलं, चुलीवरून थेट माझ्या ताटात पडलेलं." सगळा हॉल हसला. फक्त बायका हसल्या नाहीत. एकनाथराव मात्र पहिल्या रांगेत बसून चांगले खो-खो हसले, आणि घरी आल्यावर त्यांना जे काही चोरट्यासारखं झालं, ते काही केल्या जाईना. खरंच की! ही बाई सगळ्यांना वाढून, शेवटी गार झालेलं जेवत आली आणि आपण समोर बसून "मीठ जरा कमी पडलंय" म्हणत आलो.

मग त्यांनी घरीच प्रयोग केला. प्रेमलाबाईंना बाहेर बसवलं आणि स्वतः ओट्यापुढे उभे राहिले. आतून भांड्याचा आवाज झाला की बाहेरून सूचना यायची. "तो डबा नाही, त्याच्या मागचा." "आधी तेल तापू द्या." "काय जळतंय?" पाचव्या मिनिटाला बाई आत आल्या, सातव्या मिनिटाला डाव त्यांच्या हातात होता आणि एकनाथराव नेहमीप्रमाणे ताटापुढे.

त्यातून त्यांच्या सुपीक डोक्यातून निघाली ही गाडी. पूर्वी शाळेच्या पोरांची ने-आण करणारी जुनी व्हॅन. एकनाथराव चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. तिथल्या ओळखीच्या दिपक फॅब्रिकेटरने व्हॅनमधली बाकं काढून घडीची खाट बसवली, पाण्याची टाकी लावली आणि सरकत्या दाराशी एका शेगडीचा ओटा केला. "काका, जागा लई अरुंद व्हतीय. एकच माणूस उभा राहील," दिपक म्हणाला होता. "तेच तर पाहिजे!" एकनाथराव म्हणाले होते. दिपकला काही कळलं नव्हतं. गल्लीने "पाणीपुरीची गाडी टाकताय का?" इथपासून "इलेक्शनला उभे राहताय का?" इथपर्यंत सगळं विचारून घेतलं. एकनाथराव नुसते हसायचे आणि "कॅम्पर आहे" म्हणायचे.

तर त्या कॅम्परमध्ये आता तेल तापलं होतं. मोहरी तडतडली. लसूण पडला. वास सुटला. खुर्चीवरच्या प्रेमलाबाईंनी मान वळवली, पण उठल्या नाहीत. एकनाथरावांना धन्य वाटलं. सोबत खायला सोलापूरहून कडक भाकरीचा पुडा घेतलेलाच होता. आता पाणी ओतायचं, उकळी आली की बेसन पेरत हाटायचं, झालं!

"ऊटा आतेन्री?"

दाराशी एक म्हातारी उभी होती. डोक्यावर कडब्याचा भारा, कपाळावर विभूती. तिचं नाव काशम्मा, हे पुढे कळलं. जेवण झालं का, एवढंच ती विचारत होती. एकनाथरावांच्या कारखान्यात निम्मे कामगार कानडी बोलणारे होते, त्यामुळे आपल्याला कानडी येतं असा त्यांचा एक जुना समज होता.

"इल्ला, इल्ला!" ते उत्साहाने म्हणाले. "अजून नाही."

म्हातारीने कढईकडे पाहिलं. मग खुर्चीवरच्या प्रेमलाबाईंकडे पाहिलं. मग मराठीत आली. "बाईची तब्बेत बरी न्हाय का?"

"ठणठणीत आहे की."

"मग तुमी का चुलीपुढं? आन् ही खाट, भांडी, डबं, समदं गाडीत घालून कुटं निगालाव?"

एकनाथरावांचा ऊर भरून आला. कॅम्परचं कौतुक करणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. "आजी, सगळा संसार आहे आमचा या गाडीत! घराला कुलूप घातलं. आता हेच आमचं घर!"

"पोरंबाळं?"

"एकच मुलगी. पुण्याला असते."

"मग लेकीकडं का जाईनासा?"

"तिच्याकडे कुठली आलीय जागा!" एकनाथराव हसत म्हणाले.

काशम्माने भारा खाली टाकला. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिने दारातून हात आत घातला आणि शेगडीचा कान पिळून ती बंद केली. "चला घरला," ती म्हणाली. "आमी मेलो न्हाय अजून."

"अहो आजी, तसं नाही, आम्ही हौसेनं..."

"व्हय, व्हय. चला."

अर्धवट फोडणीची कढई तशीच राहिली. प्रेमलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. एकनाथरावांनी "दोन मिनिटं टेकू आणि निघू" अशी खूण केली. त्या दोन मिनिटांच्या भरवशावर त्यांनी गाडी काशम्माच्या अंगणात नेऊन लावली.

काशम्माचा मुलगा हणमंत तिशी-पस्तिशीतला, राकट पण मऊ मनाचा गडी. आईने त्याला कानडीत काय सांगितलं कोण जाणे, त्याने एकदम एकनाथरावांचे पाय धरले. त्याची बायको सिद्धेश्वरी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि प्रेमलाबाईंना बिलगूनच बसली. पाठोपाठ ताटं आली. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी आणि तुपात न्हालेली शेंगाची पोळी. वाढायला स्वतः काशम्मा.

एकनाथरावांना पिठल्यासाठी भूक राखायची होती. एक भाकरी संपताच त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि आपलं कानडी बाहेर काढलं. आता 'साक्री' म्हणजे पुरे आणि 'हाक्री' म्हणजे वाढा. दोन्ही शब्द त्यांना येत होते, फक्त कुठला कुठे वापरायचा एवढाच घोळ होता.

"हाक्री!" ते ठासून म्हणाले.

काशम्माने भाकरी वाढली.

"अहो, हाक्री! हाक्री!" त्यांनी दोन्ही हातांनी ताट झाकलं.

काशम्माला वाटलं, तोंडाने मागतोय आणि हाताने लाजतोय! किती दिवसांचा उपाशी आहे बिचारा! तिने हळुवारपणे त्यांचे हात बाजूला केले आणि पोळी वाढली. मग तूप वाढलं. मग दुसरी पोळी. प्रत्येक घासागणिक एकनाथरावांचा 'हाक्री' जास्त काकुळतीला येत गेला आणि म्हातारीचा हात जास्त सैल होत गेला. अखेर हणमंतच म्हणाला, "आई, लई मागालेत, पर घाम फुटलाय त्यास्नी. जरा दमानं." तेव्हा कुठे सुटका झाली.

असं जेवल्यावर माणूस काय करणार? सोप्यात घोंगडी अंथरलेलीच होती. दोघंही आडवी झाली आणि गाढ झोपली. आणि इकडे प्रेमलाबाईंचा चार्जिंगला लावलेला फोन वाजला. फोन होता पुण्याहून, लेकीचा, ओवीचा. हणमंतने तो उचलला. उचलायला नको होता, पण त्याच्या मनात दुपारपासून जे खदखदत होतं त्याला वाट सापडली.

"ताई, मी कोन ते सोडा. पर आईबापाला असं रस्त्यावर काडत्यात व्हय? तुमचे बाबा कडुलिंबाखाली सोताच्या हातानं पिठलं करालते. जागा न्हाय म्हनं तुमच्याकडं! मनात जागा पायजे, ताई!" एवढं बोलून त्याने फोन ठेवला आणि डोळे पुसले.

ओवीने घाबरून पेठेत शेजारच्या शुभदाकाकूंना फोन केला. शुभदाकाकूंनी खिडकीतून बघितलं. दाराला कुलूप. आतल्या खोलीतली खाटसुद्धा जागेवर नव्हती. असणार कशी? तिच्या फळ्या कॅम्परमध्ये लागल्या होत्या. शुभदाकाकूंनी हे गल्लीत फक्त एकीलाच सांगितलं. पण ती एक कोण, याचा त्यांनी विचार केला नाही. एकनाथराव झोपेतून उठेपर्यंत शुक्रवार पेठेत त्यांचं घर विकलं गेलं होतं, जावई वाईट निघाला होता आणि त्यांच्यासाठी भाड्याची खोली बघायला दोन माणसं बाहेरसुद्धा पडली होती.

फोन पुन्हा वाजला. "बाबा," ओवी रडत होती, "माझं काही चुकलं का? त्या दिवशी मी फ्लॅट लहान आहे म्हटलं ते मनाला लावून घेतलंत का? मी निघतेय लगेच."

"अगं कुठे निघतेस? मी तुझ्या आईला पिठलं करून घालतोय!"

पलीकडून घाबऱ्या आवाजात, "आईला फोन द्या. आई, तू बरी आहेस ना? खरं सांग. बाबा स्वयंपाक का करतायत?"

प्रेमलाबाईंनी तिला कसंबसं समजावलं. पण सोप्याबाहेर आता माणसं जमायला लागली होती. सोलापूरच्या एका सज्जन जोडप्यावर आलेला प्रसंग ऐकून गावातली चार वडीलधारी माणसं तोडगा काढायला आली होती. एकजण म्हणाला, शाळेमागची खोली रिकामी आहे, तिथं राहा. दुसरा म्हणाला, लेकीला बोलावून घेऊ आणि चार शब्द सांगू. एकनाथराव परोपरीने सांगत होते, "अहो, आम्ही हौसेनं फिरतोय!" त्यावर हणमंत सगळ्यांना हळूच म्हणाला, "अब्रूदार मानूस असंच म्हनतंय." सगळ्यांनी माना हलवल्या. जितकं जास्त नाकारावं तितकी एकनाथरावांची अब्रू वाढत चालली आणि सुटायची आशा कमी होत चालली.

त्या गडबडीत त्यांच्या लक्षात आलं की प्रेमला दिसत नाही. ते उठून आत डोकावले, आणि दारातच थांबले.

चुलीपुढे प्रेमलाबाई बसल्या होत्या. पदर खोचलेला, कपाळ घामाने निथळलेलं, हाताखाली भाकरी गरगर फिरत होती. बाहेर एवढी माणसं जमली म्हटल्यावर त्यांना जेवायला घालणं आलं, सिद्धेश्वरी एकटी किती करणार, म्हणून त्या "जरा हात लावते" म्हणून बसल्या होत्या. शेजारी भाकरीची चांगली चळत लागली होती. सिद्धेश्वरी म्हणत होती, "काकू, राहू द्या की," आणि काकू म्हणत होत्या, "असू दे गं, सवय आहे."

हिला एक दिवस बसवायचं म्हणून आपण घराला कुलूप घातलं, गल्लीचं हसं सोसलं, गाडी घेतली, इतक्या लांब आणलं, आणि इथे येऊन ही वीस माणसांच्या भाकऱ्या थापतेय! आणि तेही आपल्यामुळेच!

"ऊठ!" ते ओरडले. एवढ्या मोठ्याने की बाहेरची मंडळी आत धावली. "ऊठ आधी तिथून! कुणी घराबाहेर काढलं नाही मला! मला घर आहे, पेन्शन आहे, मुलगी गुणाची आहे! मला फक्त माझ्या बायकोला एक वेळ पिठलं करून घालायचंय! जन्मभर हिनं सगळ्यांना गरम वाढलं आणि स्वतः गार खाल्लं, आणि मला ते माइकवरनं ऐकल्यावर कळलं! मला लाज वाटते हो! एक दिवस! एक दिवस हिला बसू द्या!"

हणमंत गोंधळून आईकडे बघायला लागला. प्रेमलाबाईंच्या हातातली भाकरी तशीच अर्धी थापलेली राहिली. त्यांना नवऱ्याचा हा आवाज माहीत नव्हता.

मग काशम्मा पुढे झाली. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण हवं तेवढं कळलं असावं. तिने प्रेमलाबाईंचा हात धरून त्यांना उठवलं, बाहेर अंगणात आणलं आणि गाडीसमोर पोतं अंथरून बसवलं. "कूड्री, बसा," ती म्हणाली. मग एकनाथरावांना गाडीकडे बोट दाखवलं. "जावा. करा."

दिवस कलायला लागला होता. एकनाथराव कॅम्परमध्ये चढले. दुपारची गार झालेली फोडणी टाकून त्यांनी नवीन केली. तोपर्यंत घरातल्या आणि शेजारच्या बायका दाराशी गोळा झाल्या. पुरुषमाणूस पिठलं हाटतंय हे बघायला मिळणार म्हटल्यावर घरी कोण थांबतंय!

"काका, पानी उकळलं की!"

"हळू टाका पीट!"

"हाटा, हाटा! गुठळ्या व्हालत्या!"

सिद्धेश्वरीला राहवेना. तिने डाव घ्यायला हात आत घातला, पण दिपकने ओटा एकाच माणसापुरता केला होता. दुसरं कुणी आत मावतच नव्हतं. पोत्यावरच्या प्रेमलाबाई दोनदा उठल्या आणि दोन्ही वेळा काशम्माने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

पिठलं झालं. गुठळ्या होत्याच, तिखटही जरा सणसणीत पडलं होतं, पण रटरटत होतं. एकनाथरावांनी कडक भाकरी चुरून ताटात घातली, तिच्यावर कढईतलं पिठलं ओतलं, वर कच्चं तेल सोडलं आणि ताट घेऊन ते उतरले.

प्रेमलाबाईंनी घास घेतला. तोंड भाजलं. फुंकर घालायची त्यांना सवयच नव्हती, कारण त्यांच्या ताटात कधी वाफ नसायची. त्यांनी दुसरा घास घेतला.

"मीठ?" एकनाथरावांनी चाचरत विचारलं.

"बोलू नका," प्रेमलाबाई म्हणाल्या. "गार होईल."

त्या खाली मान घालून जेवत राहिल्या. पाणी नाकातून आलं, डोळ्यांतून आलं, ते तिखटाचं होतं की कशाचं हे कुणी विचारलं नाही. दुपारचं जेवण अजून घशापर्यंत होतं, तरी त्यांनी ताट निपटून पुसून खाल्लं. मग वर बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "फार बरं वाटलं हो मला. फार बरं वाटलं." एकनाथराव तिथेच मातीत बसले. त्यांना एकदम थकल्यासारखं झालं आणि खूप हलकं वाटलं.

"आमाला बी वाडा की, काका!" मागून एक बाई म्हणाली.

"व्हय की! आमी बी जलमभर गारच खाल्लंय!"

आणि बघता बघता गाडीपुढे बायकांची पंगत बसली. एकनाथरावांनी पुन्हा कढई चढवली. बेसन संपलं तेव्हा सिद्धेश्वरीने घरातलं आणून दिलं आणि पुन्हा जाऊन पोत्यावर बसली. तिने गरम घास घेतला, सावकाश चावला, आणि मान वळवून हणमंतकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हणमंत आभाळाकडे बघायला लागला. शेजारचे पुरुषही आभाळाकडे बघायला लागले. तोडगा काढायला आलेली वडीलधारी मंडळी आतल्या गार भाकऱ्या खाऊन गुपचूप घरी गेली.

सकाळी एकनाथराव दात घासत होते तोच हणमंत आला. रात्री "चार दिस तरी सोडायचो न्हाय तुमास्नी" म्हणणारा गडी आज अंग चोरून उभा होता. त्याच्या मागे आणखी तिघं-चौघं होते.

"काका, निघणार असशीला न्हवं आज?"

"घाई नाही. तुम्हीच म्हणालात ना, राहा म्हणून."

"म्हनलो की. पर तुमचं फिरायचं राहील. पुडं लई चांगली चांगली गावं हायती." त्याने गाडीची काच स्वतःच्या टॉवेलने पुसायला घेतली. मागचा एकजण टाकीत पाणी भरायला लागला, दुसऱ्याने खाटेवरची गोधडी घडी घालून दिली. एवढ्या अगत्याने कासेगावकरांना आजवर कुणी हाकललं नव्हतं.

काशम्माच्या पाया पडून दोघं गाडीत बसले. सिद्धेश्वरी दाराच्या चौकटीत निवांत टेकून उभी होती. सकाळचे आठ वाजत आले होते, तरी चुलीतून धूर निघत नव्हता. गाडी सुरू झाली. हणमंत खिडकीला धरून बरोबर चालायला लागला. थोडं पुढे गेल्यावर त्याने मागे वळून घराकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"काका, येक इचारू? पानी आदी, का पीट आदी?"

प्रेमलाबाई सवयीने सांगायला पुढे झुकल्या. मग थांबल्या, सीटला पाठ टेकली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. एकनाथरावांनी गाडी बंद केली, खाली उतरले आणि हणमंतच्या खांद्यावर हात टाकला.

"चल," ते म्हणाले. "आधी कांदा चिरायला शीक."